खुर्ची त्यांची, मोर मास्तरांचे

कुठल्याही जुन्या खुर्चीचं चित्र काढण्याआधी मास्तर तिच्यावर बसून बघायचे. पाय मोडका असला तरी. "बसल्याविना कसें कळेल?" म्हणायचे, आणि दोनदा तर चांगले आपटलेसुद्धा.

पुण्याहून मी तंजावूरला जुन्या लाकडी सामानाच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला गेलो, तेव्हा परदेशी व्यापार नुकताच मोकळा झाला होता. नवी हॉटेलं, बाहेरची गिऱ्हाइकं, सगळ्यांना जुनं हवं आणि तेही आजच्या आज. काय मजेची धांदल होती ती! फॅक्सनं फोटो पाठवला की पलीकडे काळा डाग उमटे, शाईचं रेखाटन मात्र झकास जाई. म्हणून तिथल्याच मराठी घरातले एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आमच्याकडे आले.

आणि हात काय होता म्हणता! मोडका पाय कागदावर धड होई, झिजलेली वेलबुट्टी टवटवीत होई. राजवाड्याजवळच्या गल्लीतली मराठी घरं खुर्ची विकली की मास्तरांकडून चित्राची प्रत मागून घेत आणि रिकाम्या जागी भिंतीवर टांगत. हळूहळू त्या चित्रांना गंधही लागे.

तिथल्या एका रावसाहेबांच्या खुर्चीची पाठ अगदी कोरी होती. मास्तरांचे हात शिवशिवले, त्यांनी घरी द्यायच्या प्रतीत दोन मोर रेखाटले. सहा महिन्यांनी आम्ही त्या घरी गेलो, तर रावसाहेब पाहुण्यांना रंगून सांगत होते, "महाराजांनीं आमच्या पणजोबांना दिली ही मोरांची खुर्ची."

मास्तरांचा चेहराच उतरला. बाहेर आल्यावर म्हणाले, "मी लबाडी केली कीं हो."

तोंडावर सांगायचा धीर होईना. काच बदलायच्या निमित्तानं त्यांनी चित्र घरी नेलं, खाली देवनागरीत लिहिलं, "पाठ कोरी होती. मोर माझे. क्षमा असावी," आणि परत टांगून आले. आता त्या घरात मराठी बोलणं अखंड, पण देवनागरी वाचणारं कुणी नाही. मास्तरांनी खुर्चीची कुळकथा लिहिली असं समजून त्या ओळींनाही कुंकू लागलं.

"तमिळमध्ये लिहायचं होतंत," मी म्हटलं.

"आपल्या माणसांची क्षमा आपल्याच अक्षरांत मागावी. कोणी विचारलें तर तुम्ही वाचून दाखवा."

मी शब्द दिला. कुणीतरी विचारेल म्हणून मास्तर वाट बघत राहिले, आणि तसेच गेले. मला फार लागलं ते.

पुढे एकदा त्या घरी गेलो. रावसाहेबांच्या पत्नीनं चित्राकडे बोट दाखवलं. "तुम्हांला वाचतां येतें ना? काय लिहिलें आहे?"

मी कचरलो, पण शब्द दिला होता. हळूच वाचून दाखवलं.

"मोर नव्हते हें मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षें मीच पुसली ना ती खुर्ची."

आतल्या खोलीत रावसाहेब कॉफी पीत होते. तिकडे बघून बाईंनी आवाज खाली आणला.

"ह्यांना मात्र वाचून दाखवूं नका."