मांडीची म्हणून आलेली गाठ

"कोण म्हणतं?" हा मॅडमचा पहिला प्रश्न असे. पाणी गेलंय म्हटलं तरी त्या आधी स्वतः नळ सोडून बघत. धामणकर नाक्यावरच्या त्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करत असे. तुमच्याही ओळखीत असं कुणी संशयी असेल. आमच्या मॅडमनी लग्नाआधी नवऱ्याचा रक्तगट तपासला होता. "तो म्हणाला बी, निघाला ओ. खोटं बोलला नव्हता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं."

एकदा नारपोलीची एक सून जावेबरोबर आली. तिची गाठ एका लहान दवाखान्यात काढली होती. गाठीची डबी जावेच्या हातात. जावेनंच काउंटरवर सांगितलं, "मांडीची गाठ हाय." मी तेच टाइप केलं.

काही दिवसांनी ती गाठ भिंगाखाली आली, तेव्हा मॅडम जागच्या उठेनात. पेशींच्या झालरी, ग्रंथींसारख्या नळ्या. मांडीत हे असायला नको. असलं, तर दुसरीकडचा कॅन्सर तिथवर पसरलाय अशी दाट शंका.

"मांडीची, कोण म्हणतं?"

"जाऊ."

"गाठ जावेला होती का? बोलाव सुनेला. एकटीला."

आल्या दोघी. जाऊ म्हणाली, "तिला बोलता येत न्हाय, मीच सांगते."

"मग तुमचीही गाठ काढू या?"

जाऊ बाहेर गेली.

सून पदर पिळत राहिली. "मांडी न्हाय, मॅडम. लघवीच्या जागेशेजारी. काउंटरवर बाप्ये होते, म्हून ताईंनी मांडी सांगितली."

योनिमुखाच्या घडीत अशी एक निरुपद्रवी गाठ होते. भिंगाखाली ती कॅन्सरचं सोंग घेते. पण मॅडमना एवढंही पुरेना. गाठ काढणाऱ्या डॉक्टरांना फोन करून त्यांनी जागेची खात्री केली. डबीतला उरलेला तुकडा पूर्ण कापून पाहिला. कडा गोल, स्वच्छ. पेशींचे थर दोन. खालचा कुठेही तुटलेला नाही; कॅन्सर असता तर तो थर फोडून बाहेर पसरला असता.

"कॅन्सर नाही," रिपोर्ट न्यायला आलेल्या सुनेला मॅडम म्हणाल्या.

"बरं वाटावं म्हून सांगता."

"मी? हिला विचार."

मॅडम तसं कधी बोलत नाहीत, अशी मी मान हलवली. सुनेला पटलं नाही. मॅडमनी आपली खुर्ची सोडली, तिला भिंगाशी बसवलं आणि कड कुठून सुरू होते ते दाखवलं.

मॅडम गेल्या वर्षी वारल्या. मला त्या आठवतात त्या खुर्चीमागे उभ्या. पुढे सून डोळा लावून त्या कडेवरून हळूहळू फिरतेय, मध्येच थांबतेय, "हितं तुटली तर न्हाय ना?" विचारतेय, आणि मॅडम म्हणतायत, "पुन्हा बघ. घाई नाही."