उठून गेलेली ग्रामसभा

आमच्या गावात मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. पटलं नाही की माणसं गुपचूप उठतात आणि घरी जातात. ज्याला समजायचं त्याला समजतं.

कारखान्यासाठी आमची मोहाच्या झाडांची राई मागायला साहेब ग्रामसभेत आले, तेव्हाही तेच झालं. भाषण संपताच शेजारची म्हातारी बाई उठली. राईतल्या चार मोहांवर तिचं घर चालतं. तिच्या मागे सगळं गाव उठलं. उरले खुर्चीवरचे साहेब आणि समोर रिकामी सतरंजी. मी मोबाईलवर सगळं घेतलं आणि 'गावाने जमीन नाकारली' असं लिहून फेसबुकवर टाकलं.

आठ दिवसांत ठाण्यातून बोलावणं आलं. म्हणे, मी अफवा पसरवतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली अफवा! तिथला साहेब गोड बोलला, चहाही पाजला. माझी मुलगी तेव्हा पोलीस भरतीच्या यादीत लागली होती, चारित्र्य पडताळणी बाकी होती. त्याने एवढंच विचारलं, "पोरीचे कागद इथीच येतीन ना, भाऊ?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी त्याच्यासमोर फेसबुकवरचा व्हिडिओ पुसला, मोबाईलमधूनही काढला. मग घरी येऊन ज्यांना ज्यांना पाठवला होता त्यांना फोन करून पुसायला लावला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती अक्कल माझी!

पुढे जिल्ह्याला सुनावणी झाली. सभेच्या कागदात लिहिलं होतं, कोणीही हरकत घेतली नाही. बाई म्हणाली, आम्ही तर उठून गेलो होतो. सुनावणीच्या साहेबांनी पुरावा मागितला. बाई माझ्याकडे वळली.

"दाखव ना बाबू. तुह्या मोबाईलात आहे ना?"

"पुसला, बाई."

राई गेली. साहेबांनी कागद मिटला आणि पुढच्या गावाला हाक मारली.

परतीच्या एसटीत बाई माझ्याच शेजारी बसली. ती आता शिव्या घालणार, म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. माझीही मजबुरी होती, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, असलं बरंच काही. गाव आलं. उतरताना तिने विचारलं, "पोरगी लागली ना नोकरीले?"

मी मान डोलावली.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली, आणि गुपचूप घरी गेली.