नितीनला न सापडलेली चूक

नितीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालाडच्या माझ्या दुकानात एका हळदीचं शूटिंग एडिट करत होतो. शुभांगी वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." ऑफिसमध्येच, खुर्चीत. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने... शोकसभेत मी चार चांगले शब्द बोललो. जे बोलायला हवं होतं ते राहिलं. वहिनी हे वाचतील, हे ठाऊक असूनच लिहितोय.

आम्ही दिंडोशीच्या एकाच कॉलनीत वाढलो. मी लग्नांचे व्हिडिओ करू लागलो आणि तो व्हिडिओ प्लेअर बनवणाऱ्या कंपनीत लागला. "तू बनवतोस म्हणून वापरतो, नाहीतर कोण विचारतंय!" असं मी त्याला चिडवायचो. दोन वर्षांपूर्वी त्याला स्वतःच्याच जुन्या कोडमध्ये एक भोक सापडलं. मला कळेल अशा भाषेत त्याने समजावलं, "हे बघ दिन्या, फाइल सांगते, चार पाहुणे येतायत. आपला प्लेअर न मोजता चार जणांचीच जागा करतो. आत येतात चाळीस. ते शेजारच्या खोलीत घुसतात, आणि त्यातलाच एक घराचा मालक होऊन बसतो." त्याने ते भोक बुजवलं. नवीन प्लेअर आला, आणि हा बाबा दर रविवारी कॉलनीत घरोघरी जाऊन तो स्वतः टाकून देऊ लागला. लोक चहा पाजायचे आणि मागे हसायचे.

मला त्याने तीनदा सांगितलं. "सीझन संपू दे रे," मी म्हणायचो. आमच्या धंद्यात काम चालू असताना मशीनला कुणी हात लावत नाही. नवीन काही टाकलं आणि अर्धवट झालेलं लग्न उघडलंच नाही, तर पार्टीला काय तोंड दाखवणार? मग एक दिवस अनोळखी पत्त्यावरून नमुना म्हणून एक व्हिडिओ आला. मी जुन्याच प्लेअरमध्ये उघडला. तासाभरात सगळ्या फाइलींना कुलूप लागलं, उघडायचे पैसे मागणारा निरोप तेवढा स्क्रीनवर. त्यातच नितीनची आई होती, त्याच्या बहिणीच्या लग्नात व्याह्यांची मालवणीत थट्टा करणारी. टेपला बुरशी आली होती, म्हणून कॉपी करून मीच ती फेकली होती. आई गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरला होता.

मी घाबरलो. तो यायच्या आत मशीन फॉरमॅट करून टाकलं, मागे काही खूणच ठेवली नाही.

"नवीन टाकलं होतंस ना?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"टाकलं होतं ना यार."

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "म्हणजे माझंच कुठेतरी चुकलंय." त्याने मला आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं.

पुढे वर्षभर तो ते दुसरं भोक शोधत राहिला. ते नव्हतंच. कांदिवलीत शेवटचा भेटला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. "सापडत नाही रे," म्हणाला. मी आणखी एक कटिंग चहा मागवला. त्या वेळीही बोललो नाही. मला माझी लाज वाटते.

गेल्या रविवारी वहिनींनी त्याची वही माझ्या हातात दिली. "तुमचं नाव आहे यात, तुम्हीच ठेवा." पानापानावर चौकोन, बाण, खाडाखोड. आता ती दुकानात, माझ्या कीबोर्डशेजारी असते. शेवटच्या पानावर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय:

"दिन्याकडे नवीनच होतं. तो खोटं बोलणार नाही. पुन्हा पहिल्यापासून बघ."