कावळ्याने फोडलेलं माझं बिंग

मंडळी, आज संध्याकाळी एका कावळ्याने माझं बिंग फोडलं.

गेल्या उन्हाळ्यात त्याने आमच्या कतारगामच्या घराच्या गॅलरीत, टीव्हीच्या डिशवर घरटं बांधायला घेतलं. टीव्ही दिसेना म्हणून मी त्याच्या काड्या आणि तारा काढून टाकल्या. तेव्हापासून मी गल्लीत दिसलो की तो डोक्यावर घिरट्या घालत ओरडतो. टोपी घालून बघितली, दाढी वाढवून बघितली, तरी ओळखतो. बाकी कोणाच्या वाटेला जात नाही.

आज कारखान्यातून लवकर सुटलो. डॉक्टरांनी बटर बंद केलंय, म्हणून गल्लीच्या तोंडाशी खाण्याच्या लारीवर गुपचूप लोचो, म्हणजे चणाडाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ, घेतला, वरून बटर घालून. तेवढ्यात बायकोचा फोन.

"कुठे आहात?"

"कारखान्यात," मी ओरडलो. कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही ना, मग खोटं बोलतानाही तसंच ओरडायला हवं.

माझा आवाज ऐकून कावळा हजर. काव काव सुरू.

 बायको म्हणाली, "फोनमधून जी काव काव येतेय, तीच मला गॅलरीतून ऐकू येतेय. वर बघा जरा."

वर बघितलं. ती कठड्यावरून वाकून माझ्या प्लेटकडे बघत होती.

आता ती त्या कावळ्याला रोज अर्धी भाकरी घालणार आहे, माझ्या वाट्याची.

मला काळजी वेगळीच लागलीय. मी गेल्यावर पिंडाला शिवायला हाच यायचाय. जिवंतपणी याच्याशी मिटवून कसं घ्यायचं, कोणाला माहीत आहे का?