पाठीवरची डबी

फुकट मिळालेल्या वस्तूची मला भीती वाटते. भाजीवाल्याने कोथिंबीर वरून टाकली तरी मी घरी येऊन आधी खालची भाजी तपासते. त्यामुळे वडपे गावातल्या ज्या गोडाऊनमध्ये मी आणि माझी थोरली जाऊ पॅकिंगला जायचो, तिथे एका सकाळी प्रत्येकीच्या हातात नवाकोरा पट्टा पडला, तेव्हा बाकीच्या बायका तो घालून एकमेकींना दाखवत होत्या आणि मी उलटा करून शिलाई बघत होते. दोन्ही खांद्यांवरून घालायचा काळा पट्टा, शाळेच्या दप्तराला असतो तसा. फक्त दप्तराच्या जागी आगपेटीएवढी डबी. पाठ वाकवून खोका उचलला की ती पाठीत गुरगुरायची.

पट्टे वाटायला सेफ्टीचे साहेब आले होते. तरुण, गोड बोलणारे. "आपकी कमर के लिए है," ते म्हणाले. "झुकना नहीं, बैठ के उठाना. गलत किया तो मशीन खुद बताएगी."

"शाम को वापस क्यूं देने का?" मी विचारलं.

"चार्जिंग के लिए."

डबीवर नंबर चिकटवला होता आणि तो माझ्या गेटपासचाच नंबर होता. चार्जिंग करायला माझा नंबर कशाला लागतो? बायका म्हणाल्या, तुला सगळ्यातच खोट दिसते. दिसते. पण कंबर धरून महिनोन् महिने खोके उचलले तेव्हा कोणी बामची बाटली दिली नव्हती, आणि आज एकदम आमच्या मणक्यांची काळजी? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मला माझ्या पाठीची धास्ती नव्हती. माझी पाठ ठणठणीत. धास्ती होती ती जावेची. मी तिला बाय म्हणते. शेलार गावाजवळच्या आमच्या घरात चुली दोन असल्या तरी ओटा एकच. माझ्या नवऱ्याचा टेम्पो आहे, बरंवाईट चालतं. मोठ्या दिरांनी मात्र उमेदीची सगळी वर्षं कापडाच्या लूमवर घालवली आणि कारखाना बंद पडल्यापासून ते घरीच बसले. त्यांचं घर बायच्या पगारावर चालायचं आणि बायचा मणका सरकलेला होता. डॉक्टरने वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. ती रविवारी अकलोलीच्या गरम कुंडात कंबर शेकून यायची आणि सोमवारी खोके उचलायची. गोडाऊनमध्ये हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, कारण आमच्या लाइनीतली एक बाई कंबर दुखते म्हणाली तेव्हा सुपरवायझरने तिला घरी जाऊन आराम करायला सांगितलं होतं. तिचा आराम अजून चालूच होता.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. एकीने आपला पट्टा आल्या आल्या खुंटीला टांगला आणि संध्याकाळी काढून दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पूर्ण शिफ्टमध्ये हिचीच पाठ सगळ्यांत सरळ, हिच्यासाठी टाळ्या वाजवा. आम्ही मनापासून वाजवल्या. पण कोणीतरी चुगली केली आणि त्यानंतर सुपरवायझर पट्टे अंगावर आहेत का ते बघत लाइनीतून फिरू लागला. खुंटीचा मार्ग बंद झाला.

तेव्हा बायने मला बाथरूममध्ये गाठलं.

"तुझा पट्टा मना दे गो," ती म्हणाली.

"आन तुझा?"

"तू घाल. दोन्ही सारखेच दिसतान. नंबर कोन बघतंय?"

मी काढून दिला. मला तर ती युक्ती फारच आवडली. डबी चोरून काय सांगते ते सांगू दे, चुकीच्या माणसाचं सांगेल. माझ्या नावावर वाकडी पाठ निघाली तर मी साहेबांसमोर उठाबशा काढून दाखवीन, असा माझा हिशोब होता. मग रोज सकाळी आम्ही बाथरूममध्ये पट्टे बदलायचो. तिचा नंबर माझ्या पाठीवर गप्प बसायचा. माझा नंबर तिच्या पाठीवर इतका गुरगुरायचा की पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू यायचं आणि बाय तो आवाज झाकायला वरून खोकायची.

महिनाभराने साहेबांनी काही जणींना बोलावलं. त्यात मी होते. उठाबशांची तयारी करूनच गेले. पण साहेब म्हणाले, "आपकी पीठ को आराम चाहिए," आणि मला लेबल लावायच्या टेबलावर खुर्ची दिली. वर उशीसुद्धा दिली. मी चक्रावलेच. म्हणजे हा माणूस खरंच बोलत होता? आणि त्याच दिवशी बायची पाठ मजबूत म्हणून तिला तेलाच्या डब्यांच्या लाइनीत टाकलं. आमच्याकडचे सगळ्यांत जड खोके तिथे.

मी उशीला टेकून लेबलं लावायचे आणि समोर बाय खोका पोटाशी धरून ओठ चावत चालायची. पहिल्यांदाच मला माझ्या संशयी स्वभावाची लाज वाटली.

"बाय, चल, साहेबाला खरं सांगू," मी बसमध्ये म्हटलं. "ती खुर्ची तुझी हाय."

"खुर्चीवर बसवून कोन किती दिवस पगार देतंय?"

"आता तूच संशय घेतेस?"

"मी न्हाय घेत. मना धोका परवडत न्हाय."

तरी एकदा मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या दारापर्यंत गेले. बाय मागून धावत आली. तिला धावता येत नव्हतं, तरी आली. माझं मनगट धरून म्हणाली, "माझ्या पोटावर पाय देऊ नको." मी परत फिरले.

दिवाळीचा माल निघून गेला. गोडाऊन रिकामं दिसायला लागलं आणि एका संध्याकाळी आम्हाला कामावर लावणाऱ्या कंत्राटदाराने गेटवर उभं राहून सांगितलं, काम कमी झालंय, काही जणींनी उद्यापासून यायचं नाही. खुर्चीवर बसलेल्या सगळ्या त्यात होत्या. एकही सुटली नाही. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "ये मेरे हाथ में नहीं है." त्यांचा चेहरा पडला होता. खरा पडला होता की पाडला होता, ते मला आजही सांगता येत नाही. आपला संशय खरा निघाला म्हणून माणसाला थोडं तरी बरं वाटायला हवं. मला जराही वाटलं नाही.

त्यानंतर बाय एकटी बसला जायची आणि मी ओट्यावर बसून तांदूळ निवडायचे. एका संध्याकाळी ती आली ती भिंत धरूनच आली. तिला पालथं झोपवून मी कमरेला तेल चोळायला घेतलं. मणक्याच्या बाजूला मांस दगडासारखं झालं होतं.

"चार दिवस घरी रहा," मी म्हटलं. "पाय लुळा पडंल एक दिवस."

"घरी बसले तर तुझी नोकरी फुकट गेली म्हनायची."

माझा हात थांबला. मनात कधीपासून पाल चुकचुकत होती, ते अखेर विचारलंच. "बाय, खरं सांग. खुर्चीवाल्यांना काढनार हे तुला ठाऊक होतं?"

तिने उशीतून तोंड वर काढलं. मग म्हणाली, "न्हाय. पन ठाऊक असतं तरी मी तुझा पट्टा मागितला असता."

मला तिचा राग आला. इतका की तेलाची वाटी उचलून तिथून निघून जावंसं वाटलं. पण भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत मी प्रत्येकाचं बोलणं उलटं करून शिलाई बघत आले आणि या एका बोलण्यात मला कुठेच खोट सापडेना.

ओट्यावर मोठे दीर खोकत होते. बायची सकाळची ड्युटी होती. मी हातावर पुन्हा तेल घेतलं.