न उघडणारी दुनळी

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं चौकीत जमा करावी लागतात. आमच्याकडे आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दुनळी बंदूक आहे, चाकणच्या शेतात रानडुकरं यायची तेव्हाची. आता शेतात गोडाऊन आहे, बंदूक मात्र आहेच. जमा करायच्या आदल्या दिवशी कळलं की ती उघडतच नाही. कळ फिरेना, नळ्या बिजागरीतून खाली झुकेनात. आत काडतूस आहे की नाही, हेही समजेना.

"रिकामी हाय. मीच काढलं व्हतं," आबा म्हणाले.

कधी काढलं, ते सांगता येईना. हल्ली त्यांच्या आठवणीचा भरवसा राहिला नव्हता, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. बंदूक रिकामी निघावी, आबा खरे ठरावेत, एवढंच मला हवं होतं. मला एका जागी बसवेना.

खरं तर दुरुस्तीवाल्याला बोलवायला हवं होतं. पण टूलरूममध्ये वीस वर्षं काढली की हातांना माज येतो. गुरुवार, कंपनीला सुट्टी. बायकोला आणि भाडेकरूंना बाहेर काढलं, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात नळ्यांची तोंडं खुपसली आणि बिजागरीत रॉकेल सोडलं. आबा हटले नाहीत, माझ्यामागे खुर्ची टाकून बसले.

चिंधीला लाल चिखल लागायला लागला. दर दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू पूजेआधी चोळलेल्या खोबरेलात कालवलं जाऊन आत घट्ट बसलं होतं. कंपनीत मशीनला ग्रीस जास्त झालं तर मी पोरांवर खेकसतो, आणि घरी इतकी वर्षं हात जोडून हाच मूर्खपणा करत होतो. चिडून पुसत राहिलो. तासाभराने कळ हलली, नळ्या खाली झुकल्या.

उजवी रिकामी होती. डावीत काडतूस होतं.

माझी मुलगी दर दसऱ्याला याच बंदुकीवर डोकं टेकवायची. संतापाने मागे वळलो, तर आबांनी हात पुढे केला होता. काडतूस तळहातावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"आनखी काय काय इसरलोय मी?"

"काय न्हाई, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलतोय, हे त्यांना बरोबर कळलं.