जमिनीची रेघ

लिफ्टचं मशीन बिघडलं की बाकीचे मेकॅनिक आधी टॉर्च काढायचे. हा आधी हातमोजा काढायचा. उघडा तळवा मोटरच्या अंगावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि नाडी बघत असल्यासारखा गप्प उभा राहायचा. मग म्हणायचा, "डावीकडचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर गेलेलंच असायचं. कंपनीत त्याचं नाव कुणी घेतच नसे. 'वैद्य' म्हटलं की झालं.

या हाताने त्याला एकदाच चकवलं होतं, आणि त्यातून त्याला बेस गिटार मिळाली.

एका सात मजली इमारतीतून तक्रार आली होती की दुपारची लिफ्ट घुमते. वैद्य गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढला, मोटर बंद केली, आणि भिंतीला हात लावला तर भिंत घुमतेय! मोटर बंद, तरी घुमतेय. तासभर त्याने नट आवळले, तेल पाजलं, स्वतःच्या डोक्याला हात लावून बघितला. शेवटी सातव्या मजल्यावर उतरून मशीनरूमच्या बरोबर खालची बेल दाबली. दार उघडलं ते साठी उलटलेल्या एका काडीपैलवान गृहस्थाने. गळ्यात चार जाड तारांची लांबलचक गिटार.

"काका, हा आवाज तुमचा?"

"कुठपर्यंत येतो?"

"वर मशीनरूमपर्यंत!"

"काय सांगतोस!" गृहस्थांचा चेहरा असा उजळला की वैद्य भांडण विसरला. "अरे, सहा वर्षं वाजवतोय, पहिल्यांदा कुणी तरी ऐकलं. ये, आत ये. बूट असू देत."

हे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर घर फार शांत झालं, म्हणून त्यांनी वाद्य घेतलं. त्यातही सगळ्यात खालच्या आवाजाचं, कारण वरचे सूर शेजारी कुणी ना कुणी वाजवतच असतं. बेस म्हणजे काय, हे त्यांनी वैद्याला खडूने पाटीवर काढून दाखवलं होतं. एक घर, एक झाड, वर सूर्य.

"मुलांच्या चित्रात काय चुकतं, सांग."

"काही नाही की. छान आहे."

"हीच चूक! जमीन कुठाय?" त्यांनी खाली एक आडवी रेघ ओढली आणि अधांतरी तरंगणारं घर टेकलं. "ही काढली तर कुणाचं लक्ष जात नाही. नाही काढली तर सगळं लटकतं. बेस म्हणजे ही रेघ."

वैद्य चाळिशीत शिकायला लागला. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. मास्तर घट्टे तपासायचे, पूर्वी गृहपाठ तपासायचे तसे. हळूहळू आणखी दोघं आली: एक बेकरीवाला आणि एक औषधांच्या दुकानातली ताई. दर शनिवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये चौघं जमायची. पोती आवाज पिऊन टाकायची, त्यामुळे कुणाची तक्रार नसे. वैद्याची बायको एकदा ऐकायला आली आणि म्हणाली, "चौघंही बेसवाले? म्हणजे अकराच्या अकरा गोलकीपर! अहो, गोल कोण करणार?"

"आम्ही गोल होऊच देत नाही," मास्तर म्हणाले, आणि तिने त्यांना तेव्हापासून आपल्या बाजूचं मानलं.

मग साथ आली. बेकरीची मागची खोली बंद झाली, शाळा बंद झाली, रस्ते ओस पडले. ताईला औषधांच्या दुकानातून मान वर करायला फुरसत नव्हती. वैद्य चालूच होता. लिफ्ट थांबल्या तर रुग्णांना खाली कसं आणणार? छातीवर पास, तोंडावर मास्क आणि हातात हातमोजे, जे काढायला आता सक्त मनाई होती. घरी आला की बाहेरच कपडे बदलायचे, मग आंघोळ, मगच लेकीशी बोलायचं. खालच्या घरात आजारी माणूस, म्हणून मोठा स्पीकरही लावता येईना. मग तो गिटारचं टोक कपाटाच्या दाराला टेकवून वाजवायचा. लाकूड घुमायचं आणि तेवढाच आवाज त्याच्यापुरता पुरायचा.

"अहो, माझं कपाट का हुंदके देतंय?"

"सराव करतोय गं."

"ते करतंय की तुम्ही?"

शनिवार सोडवेना. आधी व्हिडिओ कॉल करून बघितला. चौघांनी एकदम सुरुवात केली, पण प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचायचा. जिन्यावरून चार पोती घरंगळत यावीत तसा प्रकार झाला. बेकरीवाला म्हणाला, "एकेकट्याने वाजवूया, नंतर जोडू." ठरलं. बेकरीवाल्याने आपला तुकडा रेकॉर्ड करून पाठवायचा, तो ऐकत ताईने आपला वाजवायचा, त्यावर वैद्याने, आणि शेवटी मास्तरांनी. मग वैद्याने फोनवर सगळे एकावर एक चढवायचे.

"रेघ शेवटी?" मास्तर म्हणाले. "रेघ आधी काढतात रे."

"मास्तर, फोनशी तुमची अजून ओळख व्हायचीय. तुम्ही शांतपणे करा, शेवटी."

"बरं. तू म्हणशील तसं."

पहिल्या आठवड्यात तिघांचे तुकडे झकास आले. तिघंही वरच्या तारांवर, जरा मिरवत वाजवत होते. मास्तरांचा तुकडा वैद्याने फोन कानाला लावून ऐकला आणि पुन्हा ऐकला. त्यात सूरच नव्हते. नुसती टक, टक, टक. तारेवर बोट पडल्याचा आवाज, बाकी काही नाही.

घरात एक चांगला हेडफोन होता, पण तो लेकीच्या डोक्यावर. तिची शाळा मोबाइलवर चालू होती आणि हेडफोन काढला की ती ओरडायची, "बाबा, मला बाई ऐकू येत नाहीत!" त्यामुळे फोनचा तो नखाएवढा स्पीकर काय बोलतो, तेच वैद्याच्या कानाला खरं.

"मास्तर, काही येत नाहीये हो. नुसती टकटक."

"असं? थांब, फोन स्पीकरजवळ ठेवतो."

दुसरा तुकडा आला. टक, टक. तिसऱ्याच्या शेवटी वाद्य खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग फोनवर वाकलेल्या मास्तरांचा, अगदी स्पष्ट: "आता आलं का रे ऐकू?"

वैद्याला हसू आलं. त्या आठवड्यात त्याने अकरा इमारती केल्या होत्या, दोन स्ट्रेचर लिफ्टमध्ये उभी करून खाली उतरवली होती. त्याला फक्त हसायचं होतं. त्याने मास्तरांना वगळून तिघांचे तुकडे जोडले आणि ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'मास्तरांचं या वेळी मौनव्रत आहे. टायपिंग मात्र छान करतात.' बेकरीवाल्याने हसून लोळणारी पाच तोंडं पाठवली. ताईने दोन. मास्तरांनी एक अंगठा.

पुढच्या आठवड्यात मास्तरांचा तुकडा आला नाही. 'तुम्ही करा. छान होतंय,' एवढंच आलं. आणि अंगठा.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मास्तरांच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली. वैद्य गच्चीवर चढला, मोटर बंद केली, आणि थबकला. हातमोज्यातूनही कळत होतं. त्याने दाराकडे बघितलं, नियमाला एक शिवी घातली, हातमोजा काढला आणि उघडा तळवा भिंतीवर ठेवला.

भिंत घुमत होती. सावकाश, भरभक्कम. एक सूर संपायच्या आत दुसरा त्याच्या खाली हात द्यायचा. त्याने फोनवर जी टकटक ऐकली होती तिचाच ठेका, तीच अंतरं, फक्त मध्ये आता सूर होते.

'वाजवतायत,' त्याच्या मनात आलं. बस, एवढंच. फोनच खोटं बोलला असेल, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. आयुष्यभर ज्या हातावर पोट भरलं, त्या हाताचं त्याने त्या दिवशी अर्धंच ऐकलं.

त्याने काम उरकलं. निघताना सवयीने पान्याने चौकटीवर ठोकलं: दोन ठोके, थोडं थांबून एक. हे त्याचं नेहमीचं. खाली सूर थांबले. मग पुन्हा सुरू झाले, नेमके त्या तीन ठोक्यांवर.

जिना सातव्या मजल्यावरूनच उतरत होता. मास्तरांचं दार वीतभर उघडं होतं. हवेसाठी असेल. दोन पावलं पलीकडे एक माणूस वाजवत होता, आणि वैद्य त्या दिवशी सकाळपासून चार इमारतींची हवा अंगावर घेऊन फिरत होता. मास्तर सत्तरीचे. कुणाच्याही दारात उभं राहायचं नाही, असं कंपनीने लिहून घेतलं होतं. हे सगळं खरं होतं. पण 'टायपिंग' लिहिणारं तोंड दाखवायचं कसं, हेही खरंच होतं. यातलं नेमकं कशाने त्याला पुढे ढकललं, हे त्याने स्वतःला नंतर किती तरी वेळा विचारलं. त्या क्षणी तो मास्कच्या आत खोकलासुद्धा नाही. पाय न वाजवता उतरला.

वर्ष गेलं, वर आणखी काही महिने. शाळा उघडल्या. लेकीने हेडफोन टेबलावर आपटला आणि जाहीर केलं, "घ्या, हे तुमचं भांडं. मी याचं तोंड बघणार नाही!"

रविवारची दुपार होती. वैद्य फोनमधली अडगळ पुसत बसला होता. मास्तरांचे पहिले दोन तुकडे त्याने तेव्हाच पुसले होते. तिसरा राहून गेला होता. तो पुसायच्या आधी त्याने सहज हेडफोन चढवला.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तो उभा होता. एक हात कपाटावर, जसा मोटरवर ठेवायचा तसा.

"काय झालं? कुणाचा फोन?"

त्याने हेडफोन काढून तिच्या कानांवर घातला. तिने ऐकलं. "किती सुंदर आहे. कोण वाजवतंय?"

"मास्तर."

"मग तुम्ही तर म्हणाला होता की..." तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

त्याने तिघांचं जुनं जोडकाम काढून त्याखाली तो तुकडा बसवला. वर्षभर कौतुकाने मिरवलेलं ते वाजवणं तोपर्यंत अधांतरी होतं, घर, झाड, सूर्य, सगळंच. आता टेकलं.

सातव्या मजल्यावरचं दार बंद होतं. बेल वाजवल्यावर बराच वेळ लागला. मास्तर आणखी बारीक झाले होते. मधल्या काळात आजार येऊन गेला होता, ग्रुपवर त्यांनी तोही एका अंगठ्यात उरकला होता. गिटार कपाटावर, खोळीत.

"तारा सैल करून ठेवल्यात," ते म्हणाले. "ओढून ठेवल्या की मानेवर ताण येतो. तिच्या. आणि माझ्याही."

"मास्तर, माझं चुकलं. हे ऐका आधी."

त्यांनी हेडफोन उलटा घातला; वैद्याने सरळ केला. मास्तर ऐकू लागले. डावा हात गुडघ्यावर आपोआप चालू लागला आणि मग थांबला.

"हा कोण?"

"तुम्ही! तुमचाच तिसरा तुकडा. फोनचा स्पीकर हो, त्याच्या गळ्यातून खालचे सूर उतरतच नाहीत. मी मूर्ख, मी वगळला."

मास्तर हळूच म्हणाले, "तू टकटक म्हणालास ना, म्हणून मीही फोनवर ऐकून बघितलं. मलाही टकटकच आली. म्हटलं, याचं बरोबर आहे. वाजवताना वाटायचं, सूर लागतोय. म्हटलं, म्हातारपणी माणसाला तसं वाटत असेल."

"पण मी वर आलो होतो एकदा, तेव्हा तर तुम्ही..."

"तुझे तीन ठोके ऐकले की. म्हटलं, हा हाताने ओळखतो. कानाचं जाऊ दे, हाताने सांगेल मला, येतंय की नाही ते." ते हसले. "दार उघडं ठेवलं होतं."

मास्तरांनी वैद्याची अवघडलेली अवस्था बघून विषय बदलल्यासारखा आपला डावा हात पुढे केला. "बघ. काय राहिलंय?"

बोटांच्या टोकांवर घट्टे नव्हते. कातडी मऊ, पातळ, आणि आजारानंतरचा एक बारीक कंप. वैद्याने तो हात आपल्या तळव्यात धरून ठेवला. काय बिघडलंय ते कळायला त्याला डोळे मिटावे लागले नाहीत.

"महिनाभरात घट्टे येतील परत. मी तारा ओढतो."

"नको रे. वाजवताना कान लावून बसायची सवय लागली, येतंय की नाही, येतंय की नाही. तसं वाजवता येत नाही."

शनिवार पुन्हा सुरू झाला. मास्तर येतात, पण रिकाम्या हाताने. दाराजवळच्या पोत्यावर बसतात, चहा घेतात, ताईचे घट्टे तपासतात. तिघं वाजवतात ते त्या एका तुकड्यावर, मोठ्या स्पीकरमधून. खालून रेघ निघते, सरळ, आणि मैद्याची पोतीसुद्धा ती पिऊन टाकू शकत नाहीत.

पहिल्याच शनिवारी तुकडा संपत आला तेव्हा वैद्याला आठवलं की शेवटी काय आहे. तो बटणाकडे धावला, पण उशीर झाला. वाद्य खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मास्तर अख्ख्या खोलीएवढे मोठे होऊन विचारते झाले, "आता आलं का रे ऐकू?"

बेकरीवाला खाली बघू लागला. पोत्यावरचे मास्तर स्वतःच आधी हसले.

"आलं, मास्तर," वैद्य स्पीकरकडे बघत म्हणाला.

तो शेवट त्याने अजून कापलेला नाही. दर शनिवारी तो आवाज विचारतो, आणि दर शनिवारी वैद्य उत्तर देतो.